कर्णबधिरांचा वाटा

कर्णबधिरांच्या हक्कांचा भारतातला सर्वांत जुना प्रश्न जमिनीच्या वाट्याचा आहे. मनुस्मृतीने जन्मांध, बहिरा आणि मुका यांना वारसाहक्कातून वगळले होते. अशा माणसाचे पालनपोषण करावे, पण त्याला वाटा देऊ नये, असा तो नियम होता. हा वारसा मराठवाड्याला दूरचा नाही. हिंदू वारसा कायद्याचा कणा ठरलेली मिताक्षरा विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणी या राजधानीत लिहिली. ही कल्याणी म्हणजे लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांना खेटून असलेल्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. वगळलेल्याचा व्यंग नसलेला मुलगा मात्र वाटेकरी होऊ शकत असे. म्हणजे बहिऱ्याचा वंश चालत होता, हक्क बापाला वळसा घालून नातवाकडे जात होता.

ब्रिटिश हिंदुस्थानात १९२८ च्या कायद्याने ही बंदी उठवली. नांदेड जिल्हा आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात मोडणारे लातूर मात्र निजामाच्या राज्यात होते. १७ जून १९५६ रोजी हिंदू उत्तराधिकार कायदा अमलात आला. त्याच्या २८ व्या कलमाने रोग, दोष किंवा व्यंग या कारणावरून कोणालाही वारसा नाकारण्याची वाट बंद केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला.

कायद्यातली बंदी गेली, भाषेची राहिली. वाटणीपत्र वा हक्कसोडपत्र नोंदवताना दुय्यम निबंधकासमोर दस्त आपणच केला हे कबूल करावे लागते. नोंदणी कायद्यात अज्ञान किंवा वेडसर व्यक्तीच्या दस्ताला अटकाव आहे, बहिरेपणाला नाही. शाळेत न गेलेला कर्णबधिर भाऊ तिथे मान हलवतो आणि त्या हलण्याचा अर्थ बहुधा शेजारी उभा असलेला दुसरा भाऊ सांगतो, म्हणजे ज्याच्या नावे वाटा सुटणार आहे तोच. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे १३ वे कलम दिव्यांगांना मालमत्ता धारण करण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा समान हक्क देते. पण त्या मान हलवण्याचा अर्थ कोणी सांगायचा, याचे उत्तर त्या कलमात नाही.

न्यायालयाला हा प्रश्न टाळता येत नाही. बोलू न शकणारा साक्षीदार लिहून किंवा खुणांनी साक्ष देऊ शकतो आणि ती तोंडी साक्षच मानली जाते, ही तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आहे. अडचण दुभाष्याची आहे. राजस्थान सरकार विरुद्ध दर्शन सिंग या खुनाच्या खटल्यात मृताची कर्णबधिर पत्नी साक्षीदार होती आणि तिच्या खुणांचा अर्थ तिचे वडीलच सांगत होते. वडिलांना खटल्याच्या निकालात रस होता आणि त्यांना दुभाषी म्हणून शपथही दिलेली नव्हती. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती साक्ष विश्वासार्ह मानली नाही आणि आरोपीची सुटका कायम ठेवली. साक्षीदार खोटे बोलत होती असे कोणी ठरवले नव्हते. तिचे म्हणणे न्यायालयापर्यंत पोचलेच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

२०१३ च्या दुरुस्तीने अशा साक्षीसाठी दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घेणे आणि तिचे चित्रीकरण करणे बंधनकारक केले. हीच तरतूद आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १२५ व्या कलमात आहे. ‘विशेष शिक्षक’ हा शब्द जिल्ह्याच्या ठिकाणी फार महत्त्वाचा ठरतो, कारण तिथे पोलीस किंवा न्यायालय ज्याच्याकडे धाव घेऊ शकते तो बहुधा मूकबधिर विद्यालयाचा शिक्षकच असतो. त्याला शाळेतल्या खुणा येतात. वाडी-तांड्यावर वाढलेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाच्या खुणा त्याच्या घरातच घडलेल्या असतात. त्या आईला आणि भावंडांना समजतात, शिक्षकाला नाही. मग पुन्हा घरातलाच माणूस बोलवावा लागतो आणि दर्शन सिंग खटल्यातला पेच जिथल्या तिथे राहतो.

आरोपी कर्णबधिर असेल तर गुंता वाढतो. वेडसर नसलेल्या पण कामकाज समजू न शकणाऱ्या आरोपीचा खटला चालवता येतो. मात्र तो दोषी ठरला तर प्रकरण अहवालासह उच्च न्यायालयाकडे पाठवावे लागते. लातूर-नांदेडसाठी ते म्हणजे औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर, इथले खंडपीठ. हे संरक्षण चांगले आहे, पण ते निकालानंतर मिळते. कामकाज चालू असताना आरोपीला काय समजले, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

याउलट सवलतींचा कायदा भाषेकडे न पाहता कान मोजतो. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या कायद्यात चांगल्या कानाची श्रवणहानी ६० डेसिबल किंवा अधिक असणे ही अट होती. २०१६ च्या कायद्याने दोन्ही कानांत ७० डेसिबल हानी असलेल्याला बधिर आणि ६० ते ७० च्या दरम्यानच्याला अल्पश्रवण म्हटले. शासकीय नोकरीत या दोघांसाठी मिळून एक टक्का आरक्षण आहे. साध्या श्रवणचाचणीत आवाज ऐकू आला की नाही हे तपासला जाणारा स्वतः सांगतो, म्हणून ढोंगाला वाव राहतो. मेंदूचा प्रतिसाद नोंदवणारी बेरा चाचणी त्याला आळा घालते. सवलतीसाठी खोटा बहिरेपणा घेणाऱ्यांमुळे खऱ्या कर्णबधिराकडेही संशयाने पाहिले जाते, ही या मोजमापाची एक उपरोधिक निष्पत्ती.

वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवण्यांमुळे लातूरचे नाव देशभर झाले, त्यामुळे या मोजमापाचा पुढचा अंक लातूरकरांना परका नाही. वैद्यकीय परिषदेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ४० टक्क्यांहून अधिक श्रवणदोष असलेल्या विद्यार्थ्याने यंत्राच्या साहाय्याने तो ४० टक्क्यांखाली आणणे आवश्यक होते. टक्का अधिक म्हणून आरक्षण मिळायचे आणि आरक्षण वापरण्यासाठी टक्का कमी करून दाखवायचा! हा विरोधाभास सर्वोच्च न्यायालयापुढे वाचादोषाच्या प्रकरणातून आला. ओंकार गोंड खटल्यात महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याचा वाचादोष ४० टक्क्यांच्या थोडा वर होता. १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने सांगितले की, निव्वळ टक्क्यावरून अपात्र ठरवता येणार नाही; अभ्यासक्रम पूर्ण करण्याची क्षमता दिव्यांगत्व तपासणाऱ्या मंडळाने पाहिली पाहिजे.

शिक्षणात भाषेचा प्रश्न लहान वयातच येतो. २०१६ चा कायदा कर्णबधिर मुलांना सर्वांत योग्य भाषेतून शिकवण्याची आणि खुणांच्या भाषेत पारंगत शिक्षक नेमण्याची जबाबदारी शासनावर टाकतो. आपल्याकडे मात्र दीर्घकाळ मुलांना बोलायला लावण्यावर भर राहिला. सप्टेंबर २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले आणि २०२१ मध्ये तिचा शब्दकोश दहा हजार शब्दांवर गेला. तरीही ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही.

सर्वोच्च न्यायालयात सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलाने दुभाष्याच्या मदतीने कामकाजात भाग घेतला. जिल्ह्यात मात्र २०१६ च्या कायद्याच्या १२ व्या कलमाकडे फारसे लक्ष गेलेले नाही. साक्ष, युक्तिवाद आणि मत पसंतीच्या भाषेत नोंदवण्याची सोय त्या कलमाने मागितली आहे, आणि तीही न्यायालयांपुरती नव्हे, तर न्यायिकवत अधिकार असलेल्या प्रत्येक प्राधिकाऱ्याकडे. जमीन महसूल संहितेच्या ८५ व्या कलमाखाली वाटणी करणारा तहसीलदार आणि तक्रारीच्या फेरफारावर सुनावणी घेणारा मंडळ अधिकारी त्यात येतात. दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाबद्दल तसे ठामपणे म्हणता येत नाही, आणि हक्कसोडपत्रावरचा अंगठा तर त्याच्याच समोर उठतो.