अंगकाठी, जनुके आणि व्यायाम

उंची, खांद्यांची रुंदी, पोटऱ्यांची ठेवण, चरबी साठण्याच्या जागा आणि दमसास या गोष्टी बऱ्याच अंशी आईवडिलांकडून येतात, हे घरोघरी ठाऊक असते. म्हणूनच 'आमची अंगकाठीच अशी' असे म्हणून पुष्कळ जण व्यायामाच्या वाटेला जात नाहीत. या समजुतीत तथ्य आहे, परंतु ते सर्व लक्षणांना सारखे लागू पडत नाही. उंचीतील फरक सुमारे ८० टक्के आनुवंशिक आहेत, असे शास्त्रज्ञ म्हणतात तेव्हा ते एका समाजातील माणसामाणसांमधल्या फरकांविषयी बोलत असतात. एखादे लक्षण किती बदलू शकते, याचे उत्तर त्या आकड्यात नसते.

जे बदलत नाही ते आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या पट्ट्या, ज्यांच्यामुळे उंची वाढते, त्या पौगंडावस्था संपताना हाडांत मिसळून जातात आणि त्यानंतर कितीही लोंबकळले तरी उंची वाढत नाही. तशी आशा दाखवून मुलांकडून पैसे घेणे ही उघड फसवणूक आहे. पोटरीचा स्नायू जिथे संपतो आणि कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा, जिथे सुरू होतो, ती जागाही व्यायामाने सरकत नाही; स्नायू जाड होतो, पण त्याची मूळ ठेवण तीच राहते.

चरबीचे प्रकरण मात्र अधिक गुंतागुंतीचे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश वैद्यक जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. भारतीय शरीर दिसायला सडपातळ, पण आतून चरबीयुक्त असते, हे त्यातून ठसले. पुणे जिल्ह्यातील खेड्यांतल्या नवजात बालकांतही हीच घडण आढळली, तेव्हा ती कोणत्याही व्यायामाच्या आधीची आहे. तिच्यामागे जनुकांबरोबर गर्भावस्थेतील पोषणही असते, असे याज्ञिक यांचे प्रतिपादन आहे. तरीही युडकिन मॅरेथॉन धावणारे होते ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही, कारण त्या दोन आकड्यांमधले अंतर केवळ वंशाचे नाही.

लठ्ठपणाशी जोडलेल्या एफटीओ या जनुकाचा विशिष्ट प्रकार आईवडील दोघांकडून आलेल्यांचे वजन सरासरी तीन किलोने अधिक असते, असे २००७ मध्ये दिसून आले. पुढे २०११ मध्ये दोन लाखांहून अधिक प्रौढांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा शारीरिक हालचाल करणाऱ्यांत या जनुकाचा लठ्ठपणावरील प्रभाव सुमारे २७ टक्क्यांनी कमी आढळला. जनुक तेच राहिले, पुसले गेले नाही. त्याचा जोर कमी झाला.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट ही की, व्यायामाला शरीर किती प्रतिसाद देते हेदेखील काही अंशी वारशाने ठरते. क्लॉड बूशार्ड यांच्या नेतृत्वाखालील 'हेरिटेज' अभ्यासात बैठे जीवन जगणाऱ्या ४८१ प्रौढांनी वीस आठवडे सारखाच व्यायाम केला. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, याची क्षमता सरासरी ४०० मिलिलिटरने वाढली. पण काहींची जवळजवळ वाढलीच नाही आणि काहींची एक लिटरहून अधिक वाढली, शिवाय एका कुटुंबातील माणसांचा प्रतिसाद बराचसा सारखा होता. ज्याचा दमसास वाढत नाही तो आळशी, हा तालमीतला आणि शाळेच्या मैदानावरचा जुना निवाडा त्यामुळे अन्यायकारक ठरतो, विशेषतः दमसास फारसा न वाढताही रक्तदाब किंवा इन्शुलिनचे कार्य सुधारू शकते, हे लक्षात घेतल्यावर. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी न करता त्याच्याच मागच्या मोजणीशी करावी आणि गुणही त्याच आधारावर द्यावेत.