हद्दपार राजाने घर मांडावे काय?

राज्य गमावलेल्या मनुष्याने परक्या भूमीत घर मांडून संसारास लागावे, की सामानाची गाठोडी सोडूच नयेत व परत जाण्याच्या दिवसाची वाट पाहत बसावे, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकी कोणास कधी पडेल असे वरवर पाहता दिसत नाही. आम्हांपैकी कोणाचे राज्य गेले आहे? तथापि रत्नागिरीस एक राजकुल तीस वर्षांहून अधिक काळ अटकेत होते, त्याची हकीकत नीट पाहिली असता हा प्रश्न राजांपुरता राहत नाही, असे आम्हांस वाटते.

ब्रह्मदेशाचा थिबा राजा 1878 साली, वयाची वीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, मंडालेच्या गादीवर बसला. त्याने सात वर्षे राज्य केले. नोव्हेंबर 1885 मध्ये इंग्रजांची फौज आगबोटींतून इरावती नदीने वर गेली, आणि राजा शरण आला. ज्याच्या पुढे उभे राहण्याची कोणाची छाती नसे, त्याला व त्याच्या राणीला बैलगाडीत बसवून प्रजेच्या डोळ्यांदेखत नदीकाठी नेले. तेथून रंगून, मग मद्रास, आणि एप्रिल 1886 मध्ये रत्नागिरी. हे गाव निवडण्याचे कारण उघड होते. आगगाडी नाही, समुद्राची वाट, आणि पावसाळ्यात तीही बंद. दिल्लीच्या शेवटच्या बादशहास 1858 साली रंगूनला धाडले होते. आता ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजास इकडे आणले. राजांची अदलाबदल करण्यात त्या सरकारचा हात चांगलाच बसला होता.

थिबा निर्दोष होता असे आम्ही म्हणत नाही. गादी निर्वेध व्हावी म्हणून 1879 साली त्याच्या दरबाराने त्याच्याच भाऊबंदांची कत्तल केली. त्यात स्त्रिया व मुलेही होती. ती त्याच्या आज्ञेने झाली की राणी, सासू व मंत्री यांच्या कारस्थानाने, यावर पुष्कळ वाद झाला आहे. परंतु ती त्याच्या राज्यात झाली व तो गादीवरच राहिला. हे विसरून त्याची कीव करणे खरे नव्हे. मात्र ज्यांनी त्याला बंदीत टाकले त्यांनी त्या रक्ताचा न्याय करण्यासाठी टाकले नव्हते, हेही खरे आहे.

रत्नागिरीस राजाला सरकारातून नेमणूक मिळे, परंतु ती कधी पुरली नाही. त्याने जवळची जडजवाहिरे विकली, कर्ज काढले. नेमणूक वाढवावी म्हणून अर्जांमागून अर्ज केले. ङा मौक नावाचे थोर माणिक मंडालेहून निघताना स्लेडन नामक इंग्रज अधिकाऱ्याच्या हवाली केले होते, ते परत मिळावे, ही त्याची तक्रार तर कधी थांबली नाही. खाडी व समुद्र दिसेल असा मोठा राजवाडा सरकारने त्याला बांधून दिला, तो 1910 साली. म्हणजे राज्य जाऊन पंचवीस वर्षे झाल्यावर. सहा वर्षांनी, डिसेंबर 1916 मध्ये, राजा मरण पावला. मरणानंतरही त्याला घरी जाता आले नाही. प्रेत ब्रह्मदेशी न्यावे अशी राणी सुपायालत हिची इच्छा होती. सरकारला दंग्याची धास्ती वाटली, आणि 1919 साली तिच्या मनाविरुद्ध त्याला रत्नागिरीसच मूठमाती मिळाली.

एवढी वर्षे त्या घरात मंडालेचे रीतिरिवाज चालू होते. चाकरांनी राजापुढे ताठ उभे राहू नये, जमिनीवर वाकून बसावे, हा नियम अखेरपर्यंत टिकला. यात आम्हांस हसण्याजोगे काही दिसत नाही. ज्याचे सर्व हिरावले गेले त्याच्या हाती रीतिरिवाजांवाचून दुसरे काय उरते? परंतु या रीतींची किंमत कोणी दिली, हे पाहिले पाहिजे.

राजाला चार मुली होत्या. दोघी मंडालेस जन्मल्या, तिसरी मद्रासेस, चौथी रत्नागिरीस. त्या कुळात रक्त शुद्ध राहावे म्हणून राजे आपल्या सावत्र बहिणींशी लग्न करीत. थिबाच्या दोन्ही राण्या त्याच्या सावत्र बहिणीच होत्या. तेव्हा मुलींस वर पाहिजे तो राजवंशातला. असा वर रत्नागिरीस कोठून मिळणार? ब्रह्मी राजपुत्रांची नावे निघाली व मागे पडली. वर्षे गेली, मुली विशीत गेल्या, मग तिशीत. आईबाप मंडालेची वाट पाहत होते, आणि लेकींचे तारुण्य त्या प्रतीक्षेत खर्ची पडत होते.

पवित्र शास्त्राच्या वाचकांस येथे यिर्मयाचे पत्र आठवल्यावाचून राहणार नाही. यहोयाखीन राजा अठराव्या वर्षी गादीवर आला, तीन महिने राज्य करून बाबेलास बंदिवान होऊन गेला. लवकरच हनन्या उठला व म्हणाला की, दोन वर्षांत राजा परत येईल. लोकांस हे गोड वाटले. यिर्मयाने मात्र बंदिवानांस लिहून कळविले की घरे बांधा, मळे लावा, मुलांना बायका करा, मुलींना नवरे करून द्या, आणि ज्या नगरात आहा त्याचे हित पाहा. मुलींची लग्ने थांबवू नका, हा मजकूर संदेष्ट्याने पत्रात मुद्दाम का घातला असावा, हे रत्नागिरीची हकीकत वाचल्यावर आम्हांस अधिक समजले.

यावर कोणी म्हणेल की, रुळावे हा उपदेश तर बंदी करणाऱ्याच्याच सोयीचा आहे. राजाने सर्व विसरून निमूट राहावे, हेच सरकारला हवे होते. हा आक्षेप वजनदार आहे. आमचे म्हणणे एवढेच की, उपदेश कोण करतो याला महत्त्व आहे. यिर्मया त्याच लोकांचा होता. त्यांच्या नगराचा नाश त्याच्याही छातीवर कोसळणार होता. शिवाय त्याने परतीची आशा सोडा असे लिहिले नाही. ती सत्तर वर्षांवर आहे असे लिहिले. घर बांधणे आणि घर विसरणे या दोन गोष्टी आहेत. यहोयाखीन व त्याचे पाच पुत्र यांस बाबेलात तेलाचा शिधा मिळे, याची नोंद असलेल्या मातीच्या विटा सापडल्या असून 1939 साली त्या प्रसिद्ध झाल्या. बंदीत असतानाच त्याचे कुळ वाढले, आणि परत जाणाऱ्या लोकांचा पुढारी जरूब्बाबेल हा त्याचाच नातू होता.

आमच्या मंडळ्यांत असे थिबा राजे नाहीत काय? दुष्काळाने वा भाऊबंदकीने मूळ गाव सुटलेली पुष्कळ घराणी आहेत. तिकडे आमचा वाडा होता, आमचा मान होता, हे सांगणारा वृद्ध बाप आम्ही पाहिला आहे. आणि त्या मानास साजेसे स्थळ नाही म्हणून घरात बसून राहिलेली त्याची लेकही पाहिली आहे. मान बापाचा, आणि तो फेडते लेक.

थिबाच्या मुलींनी अखेर आपापली वाट काढली. दुसरीने 1917 साली, आईच्या विरोधास न जुमानता, बापाच्या पदरी असलेल्या एका ब्रह्मी गृहस्थाशी लग्न केले व पुढे ती कालिंपाँगास राहिली. धाकट्या दोघींची लग्ने मायदेशी गेल्यावर झाली. थोरलीची गोष्ट निराळी. राजवाड्यावरील एका मराठी दरवानाशी तिचा संबंध जडला. त्याला आधीची बायको होती. राजा हयात असतानाच तिला मुलगी झाली, टूटू. कुटुंबास 1919 साली ब्रह्मदेशी जाण्याची मोकळीक मिळाली तेव्हा थोरलीही गेली, परंतु मुलीस घेऊन ती रत्नागिरीस परत आली. सुपायालत राणी रंगूनास 1925 साली वारली. भेटीस येणाऱ्याने जुन्या रीतीप्रमाणे वंदन करावे असा तिचा आग्रह शेवटपर्यंत होता. थोरली राजकन्या 1947 साली रत्नागिरीतच गरिबीत मेली.

लोक याला अधःपात म्हणतात. आम्ही तसे सहज म्हणणार नाही. परंतु ही रुळण्याची सुंदर कथा आहे, असेही म्हणवत नाही. जिला पोट भरण्याची एकही विद्या कोणी शिकविली नाही, तिने घर मांडावे तरी कशाच्या बळावर? बापाने तिला राजकन्या ठेवले, सरकारने बंदिवान ठेवले, आणि दोघांनीही तिला गृहिणी होण्यास तयार केले नाही. तरी रंगूनास आई व बहिणी असताना ती परत आली, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही.

टूटूने रत्नागिरीतच लग्न केले, मुले वाढविली, कष्टाने संसार केला. तिची बोली मराठी होती. ब्रह्मदेशाचे राष्ट्राध्यक्ष 2012 साली थिबाच्या थडग्यास वंदन करण्यास आले, त्यापूर्वी बारा वर्षे ती वारली होती. तिची मुलेबाळेही मराठीच बोलतात.