कृपा आणि अट

बेला हे आदिलाबाद जिल्ह्यातले, तेलंगणाच्या उत्तर टोकाचे मंडलाचे गाव. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. कचेरीतले कागद तेलुगूत आणि ओसरीवरचे बोलणे मराठीत, असा हा कापसाचा मुलूख. पीक पावसाच्या हाती आणि भाव बाजाराच्या हाती असला की माणसाचे देवाशी नातेही बहुतेक वेळा नवसाचे होते. गावदेवी पोचम्माला बोललेले फेडायचे. नाही फेडले तर कोप सोसायचा. अशा या मुलखात ख्रिस्ती प्रचारकही आले. १९६२ साली चांद्याला सिरो-मलबार कॅथलिकांचे वेगळे धर्मक्षेत्र उभे राहिले, त्याच्या कक्षेत आदिलाबादही होते. १९९९ मध्ये आदिलाबादचा धर्मप्रांत वेगळा झाला. कॅथलिक असोत की प्रोटेस्टंट, या भागात आलेल्या प्रचारकांचे सांगणे हेच होते की देव आधीच प्रेम करतो, त्यासाठी काही कबूल करावे लागत नाही. तरीही अशा गावांतल्या लहान मंडळीत एखादी आई पाळकांना विचारतेच: दोन रविवार मी प्रार्थनेला आले नाही, म्हणून लेकरू तापाने फणफणले का?

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. दोन हजार वर्षे धर्मपंडित याच प्रश्नाभोवती फिरत आले आहेत. देवाचे प्रेम विनाअट असेल तर आज्ञा, न्याय आणि नरक कशासाठी? आणि त्याला अट असेल, तर ते प्रेम आणि नवस यांत फरक तो काय?

बायबल याचे उत्तर एका सुरात देत नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आज्ञा पाळल्याचे आशीर्वाद आणि मोडल्याचे शाप ओळीने मांडले आहेत. शापांची यादी आशीर्वादांपेक्षा कितीतरी लांब आहे, आणि अवर्षण, टोळधाड, रोगराई हे त्यातले शाप शेतकऱ्याच्या चांगलेच ओळखीचे आहेत. घाबरलेल्या आईला नेमका हा अध्याय वाचून दाखवणारे लोक असतात. पण त्याच जुन्या करारात होशेय संदेष्टा आहे. त्याच्या पुस्तकातला देव बेइमान बायकोला पुन्हा घरात घेणाऱ्या नवऱ्यासारखा वागतो. शिक्षा करायला निघतो आणि स्वतःच्याच मायेपुढे थांबतो.

येशूच्या शिकवणीतही दोन्ही धागे आहेत. डोंगरावरच्या प्रवचनात देवाचा सूर्य आणि पाऊस भल्याबुऱ्यांवर सारखाच येतो. त्याच मत्तयाच्या शुभवर्तमानात पुढे एका चाकराचे प्रचंड कर्ज माफ होते. पण तो आपल्या सोबत्याचे किरकोळ देणे सोडत नाही, तेव्हा त्याची माफी रद्द होते. लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या उधळ्या मुलाने माफीचे वाक्य वाटेत घोकून ठेवले आहे, पण बाप लांबूनच त्याला पाहून धावत सुटतो आणि ते वाक्य पुरे होऊ न देताच नवा अंगरखा मागवतो. थोरला भाऊ मात्र दाराबाहेर रुसून उभा राहतो, कारण त्याने वर्षानुवर्षे अटी पाळल्या आहेत. आणि योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की आज्ञा पाळाल तर माझ्या प्रीतीत राहाल. मला वाटते, गाठ इथेच सुटू लागते. जे आधीच मिळाले आहे त्यात टिकून राहण्याबद्दल तो बोलतो आहे. माणसे अजून पापात असतानाच ख्रिस्त त्यांच्यासाठी मेला, हे पौलाचे रोमकरांस लिहिलेल्या पत्रातले म्हणणे याच वाटेने जाते.

युरोपातला पुढचा वाद मराठी वाचकाला थोडक्यात सांगितला तरी पुरे. पाचव्या शतकात पेलाजियस म्हणाला, माणूस स्वतःच्या निश्चयाने चांगला होऊ शकतो; ऑगस्टीनने उत्तर दिले की चांगले होण्याची इच्छासुद्धा देवाच्या कृपेनेच जागी होते. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने ऑगस्टीनची बाजू घेतली. पण मध्ययुग सरता सरता पापाच्या शिक्षेत सूट देणारी पत्रे पैशाने मिळू लागली, म्हणजे नवस मागल्या दाराने चर्चमध्ये शिरला. १५१७ मध्ये ल्यूथर त्याविरुद्ध उभा राहिला. पुढच्याच वर्षी हायडेलबर्गला त्याने जे मांडले ते त्याहून खोल होते: माणसाचे प्रेम आवडण्याजोगे काही सापडले की तिकडे वळते, देवाचे प्रेम आधी जाऊन पोहोचते आणि मग तिथे आवडण्याजोगे काही घडवते.

यानंतर एक विचित्र वळण आले. १६१८-१९ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्ट या गावी कॅल्विनच्या परंपरेतले धर्मपंडित जमले आणि त्यांनी देवाची निवड पूर्णपणे विनाअट ठरवली. कुणाचे पुण्य किंवा पुढे दिसणारा विश्वासही तिला कारण नाही. मात्र ही निवड सर्वांची नव्हती. अट गेली आणि तिच्यासोबत अगणित माणसेही गेली. त्या पंडितांचे उत्तर असे की कुणाचाच हक्क नसल्यामुळे काहींवर दया करणे हा इतरांवर अन्याय होत नाही. तर्क म्हणून हे उभे राहते. पण लूकमधल्या त्या बापाच्या तोंडी हा तर्क घालून पाहावा, बसत नाही. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीलाही तो पटला नाही, आणि १७३९ मध्ये ब्रिस्टलला त्याने कृपा सर्वांसाठी आणि सर्वांत मोकळी आहे असे प्रवचन केले. त्याच वेस्लीच्या परंपरेतल्या मिशनने तेलंगणात मेदकचे भव्य कॅथेड्रल बांधले.

मराठी माणसांनी हा वाद हाती घेतला तेव्हा त्याचे रूप पालटले. पहिले नाव नीलकंठ शास्त्री गोरे यांचे. काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित मिशनऱ्यांना शह द्यायला निघाले होते. १८४४-४५ च्या सुमारास लिहिलेल्या ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ या संस्कृत ग्रंथात त्यांनी ख्रिस्ती मतावर जे आक्षेप घेतले, त्यांचा रोख याच प्रश्नाकडे जातो. पूर्वजन्म नाही म्हणता, तर जन्मतःच एकाच्या वाट्याला सुख आणि दुसऱ्याच्या वाट्याला दुःख का? एका छोट्या आयुष्यातल्या चुकीला कायमचा नरक हा कुठला न्याय? १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पुढे ते धर्मगुरू झाले. पण नरकाच्या प्रश्नाने त्यांचा पिच्छा सोडला नाही. विश्वास ठेवूनही प्रश्न जिवंत ठेवणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. त्यांचे आक्षेप आजही कुणी पूर्ण मिटवलेले नाहीत.

गोरे यांच्या लेखनाचा प्रभाव पंडिता रमाबाईंवर पडला, पण रमाबाईंचा प्रश्न ग्रंथातून आलेला नव्हता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी कुटुंबासह देशभर तीर्थयात्रा केल्या, पुराणे सांगितली, उपास आणि दानधर्म करत जवळचा पैसा संपवला. सांगितलेल्या सगळ्या अटी या कुटुंबाने पाळल्या होत्या. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. उरलेल्या रमाबाई आणि त्यांचे भाऊ पायी भटकत राहिले. पुढे धर्मशास्त्रांचा अभ्यास करताना रमाबाईंच्या ध्यानात आले की स्त्रीच्या मोक्षाच्या वाटेवर तर अटींनाही शेवट नाही.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या मठातल्या अँग्लिकन सिस्टर्सनी त्यांना लंडनमधल्या फुलम इथले आपले काम दाखवले. समाजाने टाकलेल्या, ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांना तिथे मायेने सांभाळत होते. हे सारे का करता, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा एका सिस्टरने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली. पाच नवरे होऊन गेलेल्या, हलक्या मानलेल्या जमातीतल्या त्या बाईकडे येशू पाणी मागतो. तिच्या आयुष्याची पूर्ण माहिती असूनही तो मागतो, आणि ‘आधी सुधार’ असे म्हणत नाही. त्या वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्यांनी याहून धीट कबुली दिली: बाप्तिस्म्यानंतर अनेक वर्षे ख्रिस्ती धर्म हाती होता, ख्रिस्त नव्हता. अटींच्या एका घरातून निघालेली व्यक्ती अटींच्या दुसऱ्या घरात जाऊन बसू शकते, हे रमाबाईंनी स्वतःवरून ओळखले. बाप्तिस्मा आणि उपासना ही नवी व्रतवैकल्ये होऊ शकतात.

म्हणून रमाबाईंनी केडगावला उभारलेल्या मुक्ती मिशनकडे मी धर्मशास्त्राचा एक ग्रंथ म्हणून पाहतो. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी मुली आणि विधवा घेऊन आल्या. बाहेर टाकलेल्या स्त्रियांसाठी केडगावला कृपासदन झाले; म्हाताऱ्या आणि अपंगांसाठी प्रीतिसदन. दाराशी आलेल्या पोरीची भूक आधी भागवली जाई. पण म्हणून तिच्याकडून काहीच मागितले जात नव्हते, असेही नाही. शिकणे, श्रम करणे, शेती, विणकाम आणि छापखान्यातले काम, कडक शिस्त हे सगळे तिथे होते. मागणी होती, ती जेवणाच्या आधी नव्हती, नंतर होती. डॉर्टच्या पंडितांना जो क्रम नीट लावता आला नाही, तो दुष्काळात पोरक्या झालेल्या एका मराठी विदुषीने लावला, असे मी म्हणेन.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट वेगळी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. नंतर एकत्र येऊनही त्यांनी सोवळे सोडले नाही. मग एके दिवशी त्यांच्या मनाशी विचार आला की जातीचे हे भेद देवाने केलेले नाहीत, ते माणसाचे आहेत, आणि त्यांनी कुणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे ठरवले. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचणाऱ्याला हा प्रसंग विसरता येत नाही. त्यांना हे कुणा मिशनऱ्याने पटवले नाही.

स्वतः टिळक म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्या पुलाचे मोल कळायला अलीकडचे एक मत शेजारी ठेवून पाहावे. मानसशास्त्रज्ञ एरिक फ्रॉमने १९५६ मध्ये प्रेमावर गाजलेले पुस्तक लिहिले आणि आईचे प्रेम विनाअट, बापाचे मिळवावे लागते, अशी विभागणी केली. आजच्या प्रवचनांतला विनाअट प्रेमाचा सूर बराचसा अशा मानसशास्त्रातून आला आहे. पण विठोबाला माउली म्हणणाऱ्या वारकऱ्यांनी ही विभागणी कितीतरी आधी मोडली होती, आणि उधळ्या मुलाचा धावत जाणारा बापही तीच मोडतो. दक्षिणेतल्या वैष्णवांनी तर हाच वाद दोन पिलांच्या दृष्टांताने घातला: माकडाचे पिलू आईला घट्ट धरून राहते, मांजरीचे पिलू आईच तोंडात धरून नेते. मराठीत येऊन ख्रिस्ती विचाराला हे शेजारी मिळाले, आणि टिळकांसारख्यांनी त्यांची ओळख नाकारली नाही.

टिळकांनी प्रश्न शेवटपर्यंत नेला. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशन सोडले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून येऊ शकत होते. चर्चमध्ये शिरण्याची पहिली अटच त्यांनी अशी ओलांडली. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार वाढू शकला नाही. तो चर्चला पेलला असता की नाही यावर वाद होऊ शकतो. टिळकांनी योग्य जागी बोट ठेवले होते यावर मला शंका नाही.

विनाअट प्रेमाचे बोलणे सोपे झाले की ते पोकळही होते, हा इशारा डीट्रिख बॉनहोफर या जर्मन पाळकाने १९३७ मध्ये दिला. शिष्यत्वाची किंमत न मागणाऱ्या कृपेला तो स्वस्त कृपा म्हणाला. हिटलरच्या राजवटीला विरोध केला म्हणून एप्रिल १९४५ मध्ये त्याला फाशी झाली. त्याचे म्हणणे आणि केडगावचा क्रम यांत मला विरोध दिसत नाही. कृपा किमतीने मिळत नाही, पण मिळाल्यावर ती सगळा माणूस मागते. मत्तयातल्या त्या चाकराची माफी रद्द झाली ती त्याने काही कमी भरले म्हणून नव्हे. मिळालेली दया त्याने सोबत्यापर्यंत जाऊच दिली नाही म्हणून.

आता त्या आईकडे. मराठी आणि तेलुगू दोन्ही भाषांत प्रार्थना चालवणाऱ्या सीमेवरच्या सर्व फादरांना, पाळकांना आणि सिस्टरांना माझी विनंती आहे. लेकरू तापले असेल तर तिला अनुवादाचा अठ्ठाविसावा अध्याय वाचून दाखवू नका. ताप तिच्या चुकलेल्या रविवारांमुळे आला नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगा, आणि लेकराला दवाखान्यात न्यायला तिच्यासोबत जा.