खासगी

'खासगी' हा शब्द मराठीला 'खास'पासून मिळाला आणि 'खास' आला अरबी-फारसीतून. होळकरांच्या कारभारात दौलत वेगळी आणि खासगी वेगळी असे. दौलत म्हणजे राज्याचा महसूल, खासगी म्हणजे राजघराण्याचा स्वतःचा खजिना. अहिल्याबाईंनी देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या त्या या खासगीतून. म्हणजे मुळात खासगी ही वाड्यातली गोष्ट. एका खोलीत आठ माणसे झोपतात त्या घरात कसली आली खासगी, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. इंटरनेटवरच्या खासगीपणाचा विषय निघाला की आमच्या शिक्षक-खोलीतही हेच ऐकू येते : हे पुण्या-मुंबईच्या लोकांचे चोचले आहेत, बीडच्या माणसाकडे लपवायला आहे काय?

मला हे पटत नाही. आठ माणसांच्या त्या खोलीच्या दारालाही गोणपाटाचा पडदा असतो. बाहेरून येणारा पुरुष, मग तो सख्खा दीर का असेना, दारात खाकरतो आणि मगच आत पाऊल टाकतो. खाकरणे म्हणजे परवानगी मागणे. ज्याच्याकडे भिंती कमी, त्याला हे खाकरणे जास्त लागते.

माझ्या लहानपणी फोन करायचा तर एस.टी.डी. बूथवर जावे लागे. काचेची केबिन, पंखा बंद, आणि बाहेर बसलेल्या बूथवाल्याला आतला शब्दन् शब्द ऐकू येई. कोणाची मुलगी सासरी रडते आहे, कोणाचा मुलगा सौदीहून पैसे पाठवत नाही, सगळे त्याला ठाऊक. त्याच्या आधी पोस्टमन होता. निरक्षर आईला मुलाचे पत्र तोच वाचून दाखवी आणि उत्तरही तोच लिहून देई. या माणसांना आपण कधी घाबरलो नाही. कारण जे कानावर पडले ती अमानत आहे हे त्यांना सांगावे लागत नव्हते. एखादा चुगलखोर निघालाच तर गाव त्याला ओळखून असे. मोहल्ल्यातल्या घराघरांतली दुःखे वहीत उतरवून ती वही किराणा दुकानदाराला नि सावकाराला विकावी, असे मात्र चुगलखोराच्याही मनात आले नसेल. माहीत असणे आणि माहिती विकणे या दोन गोष्टींमधले अंतर इथे आहे.

आजचा बूथवाला म्हणजे इंटरनेट पुरवणारी कंपनी. हल्ली बहुतेक संकेतस्थळे मजकूर सांकेतिक करून पाठवतात, त्यामुळे पानावर काय वाचले ते कंपनीला सहसा दिसत नाही. पण कोणत्या संकेतस्थळावर गेलात, किती वाजता, किती वेळ थांबलात, हे कळते. पाकीट बंद आहे, पत्ता उघडा आहे. आणि रोजच्या शेकडो पाकिटांचे वर्षभराचे पत्ते हाती असतील तर पाकीट फोडायची गरज उरत नाही. रात्री दोन वाजता कर्करोगाच्या इस्पितळाचे संकेतस्थळ, सकाळी कर्ज देणाऱ्याचे, दुपारी जमीन खरेदी-विक्रीचे. एवढ्यावरून त्या घरावर काय कोसळले आहे ते कोणीही सांगेल.

अमेरिकेत हा प्रश्न कायदेमंडळात गेला. ग्राहकाच्या संमतीशिवाय त्याच्या इंटरनेट-वापराची माहिती कंपन्यांनी विकू नये, असे नियम तिथल्या दूरसंचार आयोगाने ऑक्टोबर २०१६ मध्ये केले होते. ते लागू होण्याआधीच काँग्रेसने रद्द केले आणि ३ एप्रिल २०१७ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी त्यावर सही केली. पुढे २०२१ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने सहा मोठ्या कंपन्यांचा अभ्यास केला, तेव्हा ग्राहकांचे वंश आणि लैंगिकता अशा नाजूक गोष्टींवरून गट पाडले जात असल्याचे पुढे आले.

आपल्याकडे परवान्याच्या अटींनुसार ग्राहकाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर आहे. त्याच परवान्यात डिसेंबर २०२१ मध्ये बदल होऊन या नोंदी किमान दोन वर्षे जपून ठेवण्याची अट आली. कोठार भरलेले आहे, मध्ये फक्त कुलूप आहे. कुलपाचे काय होते हे ठाण्यात दिसले. २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी मोबाइल ग्राहकांच्या कॉलच्या नोंदी विकणारी टोळी पकडली, त्यात खासगी गुप्तहेरही होते. बायको कोणाशी बोलते, भागीदार कोणाला फोन करतो, हे नवऱ्याला आणि भागीदाराला पैसे मोजून मिळत होते. त्याआधी २०१५ मध्ये बंगळूरच्या एका तरुणाला आढळले की एअरटेलच्या जाळ्यातून येणाऱ्या पानांमध्ये त्याला न विचारता एक संगणकीय तुकडा घुसवला जातो आहे. ग्राहकाने किती डेटा वापरला हे कळवण्यासाठीची ती चाचणी आहे, असे कंपनीने सांगितले. ज्या परदेशी कंपनीचा तो तुकडा होता, तिने मात्र नोटीस पाठवली ती त्या तरुणालाच!

ज्यांना लपवायला काही नाही त्यांच्यासाठी आणखी एक उदाहरण. नमाजच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवणारे 'मुस्लिम प्रो' हे अॅप जगभर कोट्यवधी फोनमध्ये उतरवले गेले आहे. ते वापरणाऱ्यांच्या ठावठिकाण्याची माहिती 'एक्स-मोड' नावाच्या दलालाकडे जाते आणि त्या दलालाच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार आहेत, अशी बातमी नोव्हेंबर २०२० मध्ये आली. अॅपने लगेच त्या दलालाशी संबंध तोडला. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकी व्यापार आयोगाने त्या दलालाला नाजूक ठिकाणांची माहिती विकण्यास मनाई केली. आता नमाज ही काय लपवायची गोष्ट आहे? अजान तर लाउडस्पीकरवरून होते. पण मी मशिदीत जाते हे शेजाऱ्याला दिसणे वेगळे, आणि माझ्यासारख्या लाखोंच्या सजद्याची जागा नकाशावर टिंब म्हणून विकली जाणे वेगळे. शेजारी मला ओळखतो. नकाशा घेणाऱ्याला माझ्याशी देणेघेणे नाही, त्याला टिंब हवे आहे.

कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये इतरांची टोह घेण्यास मनाई आहे आणि सूरह नूरमध्ये परवानगी आणि सलामाशिवाय परक्या घरात शिरण्यास. हजरत उमर यांची एक गोष्ट सांगितली जाते. रात्री मदिन्यात फिरताना एका घरातून गाण्याचा आवाज आला, म्हणून ते भिंत चढून आत उतरले. आत माणूस मद्य घेऊन बसलेला. तो म्हणाला, माझा गुन्हा एक असेल, तुमचे तीन आहेत : तुम्ही टोह घेतलीत, दाराऐवजी भिंतीवरून आलात, आणि परवानगी नि सलाम दोन्ही विसरलात. खलिफा निघून गेले. या गोष्टीतला माणूस निर्दोष नव्हता हे मला महत्त्वाचे वाटते. पडदा दोषी माणसालाही आहे. आपल्याकडे पडद्याची चर्चा बाईच्या डोक्यावरच्या कापडापाशी सुरू होते आणि तिथेच संपते, ही आणखी एक गंमत.

'पण तुम्ही स्वतःच संमती दिलीत ना?' हा कंपन्यांचा युक्तिवाद. निकाहात मुलीची इजाजत घ्यायला वकील आणि साक्षीदार जातात, मुलाचे नाव आणि मेहरची रक्कम सांगून विचारतात. कशाला होकार देते आहोत हे कळल्याशिवाय होकाराला अर्थ नाही. फोनवरच्या 'मी सहमत आहे' या बटणाचे नाते मला निकाहाशी नव्हे, उचलीच्या कागदाशी दिसते. दसऱ्याच्या आधी मुकादम कोयत्यामागे उचल देतो आणि नवरा-बायको न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा उठवतात. तीही संमतीच. शाळेत विद्यार्थ्यांच्या 'अपार' क्रमांकासाठी संमतीपत्रे भरून घेतो तेव्हा पालकांचा एकच प्रश्न असतो, 'टीचर, अंगूठा कहाँ लगाऊँ?'

माहितीचे पैसे कसे होतात हे बीडच्या बायकांना इंटरनेटच्या आधीपासून ठाऊक आहे. पाळीत बाई कामावर आली नाही तर खाडा पडतो, खाड्याचा दंड उचलीत चढतो. तिच्या देहातली सर्वांत खासगी गोष्ट मुकादमाच्या हिशोबात असते. २०१९ मध्ये जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यांतल्या एखादीची मुलगी आज आईच्या पोटदुखीबद्दल फोनवर शोधत असेल. दवाखाना, विमावाला, औषधवाला, प्रत्येकाला ती माहिती हवीच आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. वाड्यातली खासगी त्या दिवशी गोणपाटाच्या पडद्याआड आली. मग २०२३ चा माहिती-संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत आहे. सरकारला त्यात भरपूर सवलती ठेवल्या आहेत, ते असो. संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मागता येईल, म्हणजे उर्दूत आणि मराठीतही, हे चांगलेच झाले. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागेल. माझ्या वर्गातल्या काही मुलांचे आईबाप दिवाळीनंतर सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात कारखान्यांवर असतात, ते थेट उन्हाळ्यात परततात. मूल नानीजवळ असते, नानीला अक्षर वाचता येत नाही, आणि फोन मुलाच्या हातात असतो. त्या सहा महिन्यांत 'सहमत आहे' कोण म्हणणार?