उताराचा वेग

कराडच्या प्रीतिसंगमावरून पहाटे सायकल काढावी आणि पाटणच्या रस्त्याला लागावं. सांगलीकडे निघालेली कृष्णा मागे राहते, कोयना समोरून येत राहते. नदीच्या उगमाकडे जायचं म्हणजे चढ आलाच. पण तो इतका सौम्य, की डोळ्यांना दिसत नाही, फक्त मांड्यांना कळतो. कोयनानगरचा परिसर ओलांडला की कुंभार्ली घाट. तिथं सह्याद्री एकदम तुटतो. पॅडल न मारता सायकल पोफळीकडे धावते. पुढे चिपळूण आणि संध्याकाळी गुहागरचा समुद्र. सारा प्रवास सुमारे 140 किलोमीटरचा.

घाट उतरताना वाटतं, हा वेग आपलाच. त्याच वळणावर कुणीतरी घामाघूम होऊन वर येत असतो. तो आपल्याहून दुबळा नसतो. त्याची वाट चढाची असते, एवढंच.

पाण्याचा वेगही असाच उताराचा. कोयना धरणाचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवून सह्याद्रीखाली सोडतात. 1,960 मेगावॅट क्षमतेच्या या प्रकल्पातली बहुतेक वीज अशी पडत्या पाण्यातून येते. त्या विजेत पाण्याइतकाच वाटा डोंगराच्या उंचीचा असतो.

आपल्या यशातही कुणीतरी आधी चढून ठेवलेली उंची असते: आईवडिलांच्या कष्टांची, शिक्षकांच्या चिकाटीची. तिची जाण ठेवू या. आणि आज कुणी मागे पडलेला दिसला, तर त्याचा वेग मोजण्याआधी त्याच्या वाटेचा चढ पाहू या.