दूध बाधणाऱ्या मुलांचा पेला

कर्नाटकात १ ऑगस्ट २०१३ला ‘क्षीर भाग्य’ योजना सुरू झाली. सरकारी शाळांत दुधाची पावडर कालवून मुलामागे १५० मिलिलिटर दूध मिळू लागलं. योजना चांगलीच आहे. पण पेला पुढे आला की तोंड फिरवणारं एखादं मूल असतं. बाई रागावतात म्हणून ते नाक दाबून दूध संपवतं. थोड्या वेळाने पोट गुडगुडतं, कळ येते आणि भर वर्गात हात वर करून बाहेर जाऊ का विचारावं लागतं. या मुलाला लाडावलेलं म्हणणं अन्यायाचं आहे.

दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज हे विकर अंगावरचं दूध सुटल्यावर जगातल्या बहुसंख्य माणसांत हळूहळू कमी होतं. जोराच्या जुलाबानंतर ते काही आठवडे तात्पुरतंही घटतं. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात आंबते.

मात्र ही दुधाची अॅलर्जी नव्हे. अॅलर्जीत थेंबही चालत नाही, तिथे दूध पूर्ण बंदच हवं. इथे प्रश्न मात्रेचा आहे. १५० मिलिलिटर दुधात साधारण सात ग्रॅम लॅक्टोज असतं, आणि दूध बाधणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांना तेवढं जेवणासोबत सोसतं. उपाशीपोटी तेच दूध झपाट्याने पुढे सरकतं आणि त्रास देतं. म्हणून या मुलाचा पेला काढून घेण्याआधी त्याची वेळ बदलून पाहावी. सकाळच्या ऐवजी भातासोबत, तोही अर्धाच द्यावा. तरीही बाधलं तर दही द्यावं. विरजणातले जिवाणू थोडं लॅक्टोज आधीच संपवतात आणि उरलेलं पचवायला पोटातही मदत करतात.

दहीही नको असेल तर नाचणी आहे. पन्नास ग्रॅम नाचणीच्या पिठात जवळपास या पेल्याइतकंच कॅल्शियम असतं. अंगी थोडं कमी लागतं, एवढंच. फक्त तिची आंबील दुधात न शिजवता पाण्यात शिजवायची.

कर्नाटकातच शाळेत अंडं न खाणाऱ्या मुलाला केळं मिळतं, आणि ते योग्यच आहे. घरच्या रीतीसाठी पर्याय ठेवणाऱ्या शाळेने मुलाच्या आतड्यासाठीही तो ठेवावा. त्यासाठी डॉक्टरचा दाखला मात्र मागू नये. कर्नाटकातल्याच खानापूरच्या जंगलपट्टीतल्या आईने दूध पचतं का हे सांगणारी श्वासाची चाचणी कुठे करून आणायची? तिने ‘याला दूध बाधतं’ म्हटलं की हजेरीपटात नावापुढे खूण करावी आणि दुसऱ्या दिवसापासून वाटी बदलावी.