पोलिसांचा ‘प्रसाद’ आणि जटायूचा प्रश्न



आजच्या वाचनात वाल्मीकी रामायणातल्या अरण्यकांडाचा पन्नासावा सर्ग आला. आपण नाशिककर, त्यामुळे पंचवटी, सीतागुंफा, काळाराम हे सगळं आपल्या येण्याजाण्याच्या रस्त्यावरचं. पण जटायूची गोष्ट आपण ‘म्हातारा पक्षी लढला, रावणाने पंख कापले’ एवढ्यात उरकतो. मूळ वाचलं तर पन्नासाव्या सर्गात लढाई नाहीच. ती पुढच्या सर्गात आहे. इथे जटायू फक्त बोलतो, आणि त्या बोलण्यात मुख्यतः प्रश्न आहेत.

तो आधी स्वतःचं नाव सांगतो. मग विचारतो, रामाने तुझ्या राज्यात, तुझ्या नगरात काही अपराध केलाय का? नसेल केला, तर तू त्याचा अपराध का करतोयस? खर मारला गेला, पण चाल करून तोच आला होता, त्यात रामाचं काय चुकलं ते खरं सांग. काही प्रतींमध्ये तर तो रावणाला ‘भाऊ’ अशी हाक मारतो. समोर रथात बसलेला, चिलखत घातलेला, धनुष्य घेतलेला तरुण रावण. हा साठ हजार वर्षांचा म्हातारा, हातात काही नाही. आणि तरी सुरुवात प्रश्नाने.

हे वाचताना मला गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरमधलं, म्हणजे २०२५ मधलं, आपलं नाशिक आठवत राहिलं. शहरात एकामागून एक खून झाले होते, कोयते घेऊन फिरणाऱ्या पोरांचे व्हिडिओ येत होते, संध्याकाळनंतर आईला एकटीला भाजीला पाठवायचं की नाही असा विचार घराघरांत होता. मग पोलिसांनी कारवाई सुरू केली आणि ते व्हिडिओ आले. पकडलेले लोक कॅमेऱ्यासमोर हात जोडून म्हणतायत, ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’. महाराष्ट्रभर ते वाक्य पोचलं. आपल्यापैकी कितीतरी जणांनी त्यावर रील केली, लग्नाच्या हळदीत म्हटलं, क्रिकेटच्या ग्राउंडवर म्हटलं. लोकांना बरं वाटलं, आणि बरं वाटण्याला कारणही होतं. ज्यांना लोक घाबरत होते ते घाबरलेले दिसले. ही सुटकेची भावना मी खोटी म्हणणार नाही.

माझं मन अडकलं ते कॉमेंट्समधल्या एका शब्दावर. ‘चांगला प्रसाद मिळालेला दिसतोय.’ ‘अजून थोडा प्रसाद द्या साहेब.’

हा शब्द नवा नाही. ‘पोलिसी प्रसाद’ आपण वर्तमानपत्रात लहानपणापासून वाचत आलोय. ‘पाहुणचार’, ‘खाक्या’, ‘चोप’ ही त्याची भावंडं. पण रोज ताटात प्रसाद घेणाऱ्या माणसाला तो जरा टोचायला हवा. प्रसाद म्हणजे आधी देवापुढे ठेवलेलं, मग सगळ्यांना सारखं वाटलेलं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात प्रसाद म्हणजे मनाची निर्मळ शांती, जिच्यामुळे दुःखं विरतात. आणि आपण तोच शब्द कुणाच्या तरी पायाच्या तळव्यावर पडलेल्या पट्ट्याला वापरतो. मला वाटतं, मार पाहून आपल्याला आनंद होतो हे आपल्यालाच नीट बघवत नाही, म्हणून आपण त्याला देवाघरचं नाव देतो.

आता तुम्ही म्हणाल, जटायू सीतेसाठी बोलला, तू काय गुंडांसाठी बोलायला सांगतेस का? प्रश्न रास्त आहे. फरक एवढाच की जटायूला सीता ओळखीची होती. तिने झाडावरच्या त्याला पाहून हाक मारली होती. आपण नाकाबंदीपाशी गाडीवर थांबलेले असतो, समोरच्या माणसाने काय केलंय हे आपल्याला माहीत नसतं. पोलिसालाही बहुतेक वेळा पुरतं माहीत नसतं, संशय असतो. पळणाऱ्याला धरायला, अंगावर येणाऱ्याला आवरायला बळ लागतं आणि कायदा ते देतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतच लिहिलंय की अटक झालेल्याला तो पळून जाऊ नये यासाठी लागेल त्याहून जास्त जखडायचं नाही. जुन्या कायद्यातही हे होतंच. मग माणसाने हात जोडल्यावर, खाली बसल्यावर पडलेला फटका पकडण्यासाठी नसतो. तो शिक्षेचा असतो, आणि शिक्षा देणं पोलिसाचं काम नाही.

याच कायद्यातली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ साली जे सांगितलं, ते आता संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचं नाव स्पष्ट वाचता येईल असं हवं. आणि अटकेचा जो कागद बनतो त्यावर किमान एका साक्षीदाराची सही हवी, घरचा कुणी, किंवा त्या भागातला प्रतिष्ठित माणूस. म्हणजे बघा, जवळ उभ्या असलेल्या माणसासाठी कायद्याने मुद्दाम एक ओळ कोरी ठेवली आहे. ‘तुमचा काय संबंध, पुढे चला’ हे वाक्य आपण इतकं ऐकलंय की आपला संबंध कायद्यात लिहिलेला आहे हेच विसरलोय.

मागे एका नाक्यावर मी हे होताना पाहिलं. डिलिव्हरीवाला पोरगा, विशीचा असेल, कागदपत्रं दाखवायला मोबाइल काढत होता आणि तेवढ्यात त्याच्या कानाखाली बसली. पुन्हा एक. आम्ही पाचसहा गाड्या थांबलेलो. रस्त्याकडेला मक्याची कणसं भाजणाऱ्या मावशी उठल्या, पदराला हात पुसले आणि जवळ जाऊन म्हणाल्या, ‘साहेब, त्याचं काय चुकलं ते त्याला सांगा ना आधी. मारता कशाला?’ आवाज चढला नव्हता. ‘तुम्ही तुमचं काम करा’ असं उत्तर आलं. ‘करतेच आहे. विचारलं फक्त.’ आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या. मग मीही गाडी स्टँडला लावून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, आणखी दोघे आले. कुणी काही बोललं नाही. पावती फाडली, पोरगा गेला. एवढंच. त्या साहेबांना राक्षस ठरवायची मला इच्छा नाही. बारा बारा तास उभे असतील, डोळे लाल होते. पण तिसरी कानाखाली बसली नाही हेही खरं.

सत्संगातल्या एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘अगं, आपण साक्षीभावाने पाहावं. ज्याचं त्याचं कर्म.’ हे उत्तर आपल्यासारख्यांत फार चालतं, म्हणून थोडं थांबते. साक्षीभाव सांगितलाय तो स्वतःच्या मनातल्या लाटांसाठी, स्वतःच्या रागालोभासाठी. दुसऱ्याच्या तोंडावर बसणाऱ्या चपराकीकडे शांतपणे बघत राहायला तो सांगितलेला नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत स्वतःला साक्षी म्हणतात, पण त्याच दमात आश्रय आणि मित्रही म्हणतात. मुंडक उपनिषदात एका झाडावरचे दोन पक्षी आहेत, त्यातला एक नुसता पाहतो. जटायूही झाडावरचाच पक्षी, पण तो खाली उतरला.

आणि कौरवांची सभा आठवा. द्रौपदीला फरफटत आणलं तेव्हा सगळे मोठे गप्प होते. तिच्या प्रश्नाचं उत्तर द्या म्हणून उठला तो विकर्ण, दुर्योधनाचाच धाकटा भाऊ. तिथे विदुर प्रल्हादाची जुनी कथा सांगतो आणि पापाची वाटणी मांडतो. सभेत निंद्य गोष्ट घडली आणि कुणी तिला निंद्य म्हटलं नाही, तर अर्धं पाप सभेच्या प्रमुखाचं, पाव करणाऱ्याचं, आणि पाव गप्प बसलेल्यांचं. ही अपूर्णांकांतली वाटणी मला दर वेळी दचकवते. टाळ्या वाजवणाऱ्यांचा वाटा विदुराने वेगळा सांगितलेला नाही.

आपली गोदावरी इथून निघून गंगाखेडवरून, परभणी जिल्ह्यातून पुढे जाते. त्या परभणी शहरात १० डिसेंबर २०२४ ला डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं, धरपकड झाली. वस्तीतल्या पोलीस कारवाईचे मोबाइलवर घेतलेले व्हिडिओ राज्यभर फिरले. पकडलेल्यांत कायद्याचा एक विद्यार्थी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो गेला. मारहाण झाली नाही असं विधानसभेत सांगण्यात आलं. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याची नोंद होती. त्याच्या आईने याचिका केली आणि जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितलं; सर्वोच्च न्यायालयानेही तो आदेश कायम ठेवला. दोषी कोण हे न्यायालय ठरवेल. मला एवढंच दिसतं, की रस्त्यावर निदान मोबाइल होते. पुढे दार बंद झालं आणि मग विचारणारं कुणी उरलं नाही, आईशिवाय.

अमेरिकेत मिनियापोलिसला २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाने गुडघा ठेवला, तेव्हा फुटपाथवरचे लोक पुन्हा पुन्हा सांगत होते, त्याची नाडी तरी बघा. सतरा वर्षांची एक मुलगी व्हिडिओ घेत उभी होती. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात तो वैद्यकीय कारणाने झालेला मृत्यू होता. व्हिडिओमुळे गोष्ट बदलली आणि पुढच्या वर्षी त्या पोलिसाला शिक्षा झाली. फ्लॉइड वाचला नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. जटायूच्या प्रश्नांनीही रावण थांबला नव्हता.

मात्र विचारणं आणि गर्दी करून चढून जाणं यातलं अंतर आपल्या भागाने रक्ताने पाहिलंय. १ जुलै २०१८ ला धुळ्यातल्या राईनपाड्यात पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने मुलं पळवणारे समजून ठार मारलं. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा चालक गेले, पोलीस समोर असताना. जमाव पोलिसांवरही धावून गेला होता. दोन्हीकडे कुणी ‘तुमचं काय चुकलं ते सांगा’ असं विचारून उत्तराची वाट पाहिली नाही. म्हणून मला जटायूचा क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी आपलं नाव, मग प्रश्न, मग तिथेच थांबणं. पोलिसाच्या अंगाला हात लावायचा नाही, धरलेल्याला सोडवायला ओढाताण करायची नाही, शिवी नाही. नावाची पट्टी वाचायची, वेळ लक्षात ठेवायची, घरचा नंबर द्यायला त्या माणसाला सांगायचं. भीती वाटणारच. २०२७ च्या सिंहस्थात आपल्यातले बरेच जण घाटावर सेवेला असतील, पोलीस दमलेले असतील, गर्दी रेटत असेल, तेव्हा हे जास्त अवघड जाणार आहे.

एक राहिलंच. सीतेने जटायूला लढायला सांगितलं नव्हतं. हा तुला आवरणार नाही, तू फक्त रामाला सांग, असं ती म्हणाली होती. जखमी जटायू सांगण्यापुरता जिवंत राहिला. पण राम आला तेव्हा रक्ताने माखलेला पक्षी पाहून त्याला वाटलं यानेच सीतेला खाल्लं, आणि त्याने बाण लावला. साक्ष द्यायला थांबलेल्यावरच पहिला संशय! पोलीस ठाण्यात साक्षीदार म्हणून गेलेल्या कुणालाही विचारा. तो सदुसष्टाव्या सर्गातला भाग, सावकाश येईल.

उद्या एक्कावन्नावा सर्ग, लढाईचा. आणि रविवारी आम्ही काही जण घोटीमार्गे सर्वतीर्थ टाकेदला जातोय, जटायू पडला ती जागा म्हणून आपल्याकडे मानतात तिथे. येणार असाल तर शनिवारी रात्रीपर्यंत कळवा, डबा घरून आणा.